डॉक्टरांना कोणी काय दिलं

मी वाचायला शिकले ती वाया गेलेल्या पत्रकांवर. माझे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, परभणीच्या एका छापखान्यात अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवायचे. आठवड्याला घरी येताना छपाईत बिघडलेली पानं पिशवीत घालून आणायचे. माय त्या पानांनी फडताळ सजवायची, भाकरी गुंडाळायची, आणि मी भाकरी खाता खाता वाचायची. ‘जाहीर निषेध’, ‘बंधू-भगिनींनो’, ‘आता तरी जागे व्हा’ ही माझी बाराखडी. वर्षं विद्यापीठाच्या नामांतराची होती, पत्रकांना खंड नव्हता. बाजूची आणि विरोधातली दोन्ही त्याच छापखान्यात यायची. विरोधातल्या एका पत्रकाचे खिळे जुळवायला दादांनी नकार दिला, तेव्हा मालकानं त्यांना आठवडाभर घरी बसवलं. तो आठवडा आम्ही चटणी-भाकरी खाल्ली आणि मान ताठ ठेवली. तेव्हापासून माझी पक्की समजूत होती, की जे दडवलंय ते लिहून लोकांसमोर ठेवलं की लोक उठतात.

ती समजूत मायच्या जिवावर मोडली.

आमचं गाव ताडकळसपासून चालत पाऊण तासावर. माय रोजानं खुरपायला, कापूस वेचायला जायची. मी कॉलेजात गेले त्या वर्षी तिची नखं पांढरी पडायला लागली. अर्धी ओळ झाली की ती बांधावर बसायची. बरोबरच्या बाया टोमणा मारायच्या, “काय वं, मालकीण झाल्यावानी बसायलीस?” माय हसायची. पण उठताना तिला दुसरीचा हात लागायचा.

ताडकळसला बाजाराच्या वाटेवर एक डॉक्टर होते. पन्नाशीचे, बोलायला मऊ. आमच्या वस्तीतल्या माणसाची नाडी बघताना त्यांचा हात कधी अडखळला नाही. दुसरीकडे आम्हाला गोळ्या वरून टाकून मिळायच्या. हे आधीच सांगते, कारण पुढचं वाचून कोणी त्यांना सैतान ठरवू नये. त्यांनी मायची पापणी खाली ओढून बघितली, “रक्त लय कमी हाय बाई” म्हणाले आणि लाल रंगाचं टॉनिक लिहून दिलं. एक बाटली म्हणजे मायचा तीन दिवसांचा रोज. बाटल्या संपत गेल्या. नखं तशीच पांढरी.

एका बाजाराच्या दिवशी आम्ही दवाखान्याच्या वट्ट्यावर नंबर लावून बसलो होतो. टेम्पो आला. मागं मोठं खोकं, पुढं टाय लावलेला बॅगवाला. औषध कंपन्यांच्या माणसांना तिकडं बॅगवालाच म्हणायचे. त्यानं वट्ट्यावरच्याच चार बाप्यांना हाताला लावलं आणि खोकं आत नेलं. माझ्या शेजारी मेंढरं राखणारे एक म्हातारबाबा बसले होते.

“एवढं मोठं कपाट दवाखान्यात कशाला म्हनावं?” त्यांनी विचारलं.

“कपाट न्हाई बाबा, फ्रिज हाय. थंड करायची मशीन.”

“मग हिला लाईट परभनीहून आननार का?”

सगळा वट्टा हसला. मी पण हसले. मग खोक्यावर चिकटवलेलं औषध कंपनीचं नाव वाचलं. तेच नाव भिंतीवरच्या घड्याळावर होतं, कॅलेंडरवर होतं, आणि मायच्या पदराखालच्या रिकाम्या बाटलीवर होतं.

नंबर आल्यावर मी मायच्या आधी बोलले. “साहेब, हा फ्रिज त्यांनी तुम्हाला कशाबद्दल दिला?”

माय मला चिमटा काढत होती. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. मला वाटलं, हाकलून देतील.

“तुझ्या मायच्या बाटलीबद्दल,” ते म्हणाले.

“आणि बाटलीत काय असतं?”

“साखर, रंग. थोडं लोह. सरकारी उपकेंद्रातल्या लाल गोळीत त्याच्यापेक्षा जास्त हाय, फुकट भेटती.”

“मग ती का लिहीत नाही?”

“लिहीत होतो. लोक नेतेत आन् उकिरड्यावर टाकतेत. आन् खोटं कशाला बोलू पोरी, गोळ्या लिहिल्या तर मला साधा पेनबी कोन देत न्हाई.”

असं सरळ कोणी कबूल करेल याला माझी तयारी नव्हती.

घरी येऊन मी पत्रक लिहिलं. ‘डॉक्टरांनो, कंपन्यांनी तुम्हाला काय दिलं ते दवाखान्याच्या भिंतीवर लिहा!’ दादांनी त्याचे खिळे स्वतः जुळवले. माझी अकरा उद्गारचिन्हं होती, त्यांतलं एकच ठेवलं. “तेवढे खिळे न्हाईत आपल्याकडं,” म्हणाले. पुढच्या बाजारात मी ती पत्रकं वाटली. निम्म्यांत शेंगा बांधल्या गेल्या, ते मी डोळ्यांनी बघितलं. पण एक कागद पोचायचा तिथं पोचला. डॉक्टरांनी मला बोलावणं धाडलं.

गेले तर वट्ट्याच्या भिंतीचा चौकोन काळ्या रंगानं रंगवलेला. डॉक्टर खडूची पेटी घेऊन उभे.

“तुझं अक्षर चांगलं हाय म्हनतेत. घे, मी सांगतो तसं लिही.”

त्यांनी सगळं सांगितलं. फ्रिज. घड्याळ. चामड्याची बॅग. दोन वेळा पुण्याला हॉटेलात मुक्काम, बायकोसकट. कॅलेंडर. पेन किती ते आठवेना म्हणून ‘बरेच पेन’ लिहायला लावलं. प्रत्येकासमोर कंपनीचं नाव. वर मी ठसठशीत मथळा दिला, ‘या दवाखान्याच्या डॉक्टरांना औषध कंपन्यांनी दिलेल्या वस्तू’. लिहून झाल्यावर त्यांनी मायच्या चिठ्ठीवरचं टॉनिक खोडून त्या जागी लाल गोळ्या लिहिल्या. तो पाऊण तासाचा रस्ता मी जवळजवळ पळत काढला. मायला म्हणाले, “आता बघ तू.”

आता तो मथळा आठवला की मला माझ्या अकलेची कीव येते. आमच्याकडं दिलेल्या वस्तूवर देणाऱ्याचं नाव असतं. लग्नातल्या पातेल्यावर कोरलेलं असतं, शाळेच्या पंख्याच्या पात्यांवर रंगवलेलं असतं, देवळाच्या घंटेवर असतं. शाळेत शिरताना भिंतीवर यादी असते, घड्याळ अमक्याकडून, टेबल तमक्याकडून. देणारा मोठा, आणि ज्याला मिळालं तोही मोठा. मी जन्मभर अशा याद्या वाचल्या होत्या आणि हुबेहूब तशीच यादी लिहून ठेवली होती.

पुढच्या बाजारात वट्ट्यावर नेहमीपेक्षा जास्त गर्दी होती. लोक शाळेतलं एक पोर पकडून त्याच्याकडून फळा वाचून घेत होते. फ्रिजचं नाव आलं तसे तेच मेंढरंवाले बाबा फळ्याकडं तोंड करून हात जोडते झाले.

“बाबा, हात काय जोडता?” मी म्हणाले. “ही लाच हाय, लाच!”

“आसू दे की. दिली तर खरी कोनीतरी. आमच्या गावाला कोन काय देतंय?”

एक बाई म्हणाल्या, “एवढ्या मोठ्या मोठ्या कंपन्या देतेत म्हंजी डाक्टर हुशारच आसंल. स्टँडजवळच्या डाक्टरला एक कॅलेंडर तरी दिलंय का कोनी?”

मी खडू घेतला आणि खाली जोडलं, ‘या वस्तूंचा खर्च रुग्णांच्या औषधांतून वसूल होतो.’ तेही पोरानं मोठ्यानं वाचलं. एक शेतकरी मान हलवून म्हणाले, “बरोबर हाय. आपलाबी हातभार लागायलाय.” आत जाणारी माणसं सांगायला लागली, साहेब, त्या फ्रिजवाल्याचंच लिहा. डॉक्टर समजावत होते, ते मला बाहेर ऐकू येत होतं. पहिल्या दिवशी त्यांनी दहा जणांना समजावलं. नंतर आवाज येईनासा झाला.

महिनाभरात स्टँडजवळच्या दुसऱ्या डॉक्टरांनी पेंटर बोलावून फळा रंगवून घेतला. कडेनं वेलबुट्टी, वर ट्यूबलाईट, यादीत स्कूटर. लोक तिकडं वळायला लागले. आमच्या डॉक्टरांच्या वट्ट्यावर जागा मिळायला लागली. मग बॅगवाला आला. कोपऱ्यातला माझा खडूचा फळा बघून हळहळला म्हणे, आणि पुढच्या खेपेला पत्र्याचा चकचकीत फळा घेऊन आला. यादी ऑईलपेंटनं लिहायची सोय, वर त्याच कंपनीचं नाव आधीच छापलेलं. डॉक्टरांनी मला त्यावर यादी उतरवायला सांगितली, आणि शेवटी, “फळाबी लिही, तोबी त्यांनीच दिला” म्हणाले. मी लिहिलं. प्रामाणिकपणात त्यांनी कुठं कसर ठेवली नाही.

“साहेब, काढून टाकू हे सगळं,” मी म्हणाले.

“काढून काय हुईल? आधी मी लपवून घेत होतो, मला रातचं टोचायचं तरी. आता सांगून घ्यायलो. लोक हात जोडायलेत.”

इकडं मायला मी रोज विचारत होते, गोळी घेतली का. घेतली, म्हणायची. एक दिवस कोंबड्यांचा डालगा उचलला तर खाली मातीत लाल गोळ्या पडलेल्या. एक-दोन नव्हे, कित्येक आठवड्यांच्या. कोंबड्यांनीही त्यांना चोच लावली नव्हती.

“माय, हे काय?”

“त्यानं पोट दुखतंय. काळं हुतंय सगळं. आन् फुकटच्या गोळीनं रगत येत आसतं व्हय? फुकट हाय म्हंजी कोनालाच नको आसंल.”

“त्या बाटलीत साखर हाय माय! डॉक्टरांनीच सांगितलं.”

“तूच लिवलंयस की फळ्यावर. फ्रिज दिलाय त्यांनी. साखरेच्या पान्यावर कोनी फ्रिज देतंय का?”

तिनं खोटं काहीच म्हटलं नव्हतं. माझंच अक्षर ती मला वाचून दाखवत होती, आणि तिला तर वाचताही येत नव्हतं.

मग ती एकटीच डॉक्टरांकडं जाऊन आली. टॉनिक घेऊन. मी भांडायला गेले. डॉक्टर थकलेले दिसत होते.

“मी न्हाई लिहिलं तर ती स्टँडवर जाती. तिथं टॉनिकबी देतेत, वरून सलाईन लावतेत. हितं निदान मी पापनी तरी बघतो. तू सांग मला, काय करू?”

माझ्याजवळ पत्रकाच्या पुढचं काही नव्हतं. फडताळावर बाटल्यांची ओळ वाढत गेली. दोन-तीन बाटल्यांत माय वाती घालून दिवे करायची. त्या दिव्याखाली मी दुसरं पत्रक लिहायला बसायची आणि पहिल्या ओळीवरच थांबायची. ‘जागे व्हा’ कोणाला म्हणायचं? सगळे जागेच होते. सगळ्यांनी वाचलं होतं.

कापसाच्या दुसऱ्या वेचणीला माय ओळीतच खाली बसली ती उठली नाही. ओटीत कापूस तसाच. आम्ही तिला जीपमध्ये घालून परभणीला सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पापणी खाली ओढली आणि आमच्याकडं बघितलं. “इतकी पांढरी होईपर्यंत काय करत होता?” दादा म्हणाले, “इलाज चालू होता.” बाईंनी रक्त आणायला सांगितलं. माझं जुळलं, काढलंही. ते चढवायला सुरुवात झाली आणि बाटली निम्मी व्हायच्या आत माय गेली.

तेराव्यानंतर दादा छापखान्यातून एक दिवसाची रजा काढून आले. सुताराकडून लाकडी बाकडं करून घेतलं होतं. चांगलं सागाचं, पाठीला टेका असलेलं. ते त्यांनी डोक्यावरून डॉक्टरांच्या वट्ट्यावर नेऊन ठेवलं.

मी त्यांना सगळं पुन्हा सांगितलं. पत्रक त्यांच्याच हातानं जुळवलेलं होतं, त्यांना काय सांगायचं होतं म्हणा. तरी सांगितलं. टॉनिक, गोळ्या, फ्रिज, माझा मथळा.

“माहीत हाय,” ते म्हणाले. “पर ती हितं लय येळ भुईवर बसली. आता दुसरं कोनी बसू ने. आन् तिचं नाव कुटंतरी राहू दे. न्हाईतर कुटंय तिचं नाव? मजुरीच्या हजेरीतबी माझं नाव लावून फलान्याची बायको लिवतेत.”

डॉक्टर बाहेर आले. बाकड्याला हात लावला, खाली मान घालून उभे राहिले. मग आतून रंगाचा डबा आणि ब्रश आणून माझ्या हातात दिला.

पत्र्याच्या फळ्यावर एकच रिकामी ओळ शिल्लक होती. फ्रिज, घड्याळ, बॅग, मुक्काम, कॅलेंडर, बरेच पेन, फळा. त्याच्याखाली मी लिहिलं, ‘बाकडं’, आणि समोर, कंपनीच्या रकान्यात, मायचं पूर्ण नाव. आयुष्यात पहिल्यांदा तिचं पूर्ण नाव मी लिहीत होते. एक काना वाकडा आला.

मागं बाकड्यावर एक बाई येऊन टेकल्या होत्या. मायच्याच वयाच्या, तशाच पांढऱ्या नखांच्या. त्यांनी शेजारच्या मुलीकडून फळा खालपर्यंत वाचून घेतला. शेवटचं नाव ऐकून थोडा विचार केला आणि मला विचारलं,

“बाई, ही नवी कंपनी दिसती. हिचं औषद कशावर चालतंय?”

ब्रश अजून ओला होता. मी तो डब्यात ठेवला आणि आत जाऊन डॉक्टरांना सांगितलं, एक बाई आल्यात, रक्त कमी हाय.