टबातली नातवंडं

आता हा किस्सा मीच सांगून टाकतो बाबांनो, नाहीतर आमची म्हातारी तिखटमीठ लावून सांगेल.

जन्म माझा सारसोळ्याचा. हयात खाडीत जाळं टाकण्यात गेली. शाळेचं तोंड पाहिलं नाही, पण मासा मला कुणी शिकवायचा नाही, असं आपलं मला वाटायचं. पुढे मुलाबरोबर नेरुळच्या फ्लॅटमध्ये आलो. सून साताऱ्याकडची. तिला मासा ताटात चालत नाही, काचेच्या पेटीत चालतो. त्या पेटीतल्या बोटभर मिशाळ शिंगाळा माशांनी काचेला अंडी चिकटवली, पिल्लं फुटली, आणि नेमकं तेव्हाच तिला माहेरी जावं लागलं.

तिनं पिल्लं गॅलरीतल्या टबात सोडली, बदामाचं वाळकं पान टाकलं, वरून फडकं बांधलं.

“मामा, पहिल्यांदाच जगलीत ओ. उकडलेल्या अंड्याचा बलक चिमूटभर घाला. जपाल ना?”

“मला सांगतेस?”

ती गेली आणि मी पहिलं काय केलं? फडकं सोडलं. मोकळ्या पाण्यातली जात, कोंडून वाढेल का? पण पाण्यात काही दिसेचना. काही दिवसांनी बघतो तर इवलाले जीव वळवळत वर येतायत, पुन्हा खाली जातायत. शेजाऱ्यांना बोलावून दाखवलं, “ही माझी नातवंडं.”

सुनेचा एसटीडी बूथवरून फोन आला.

“मस्त उड्या मारतात,” मी म्हटलं.

“उड्या? ती तर तळाला बसतात ना?”

“माझ्या हाताखालची आहेत ती.”

मग मात्र ती कमी व्हायला लागली. म्हातारी म्हणाली, “अवो, मेली तर तरंगतील. ही जातात कुटं?” मला घास गोड लागेना. मी बलक वाढवला.

त्याच सुमारास बिल्डिंगीत डासांनी उच्छाद मांडला. सोसायटीची मीटिंग भरली. मी उभा राहिलो, “कुणीतरी घरात पाणी साठवलंय. शोधून काढा त्याला.” टाळ्या पडल्या.

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी फवारणीवाल्याला घेऊन दारोदार फिरत आमच्याकडे आले. त्यानं टबात बघितलं आणि तेलाची बाटली काढली.

“आजोबा, एवढे डास कशाला पाळलेत?”

“डास काय म्हणतोस? शिंगाळ्याची पिल्लं आहेत.”

“पिल्लांना पंख फुटतात का?”

बघतो तर माझं एक नातवंड कातडीतून बाहेर आलं, पाण्यावर उभं राहिलं, अंग वाळवलं आणि उडून सेक्रेटरींच्या कानावर बसलं.

हे डास, तर मग पोरीची पिल्लं कुठायत? तेवढ्यात त्यानं बाटली कलती केली. मी त्याचा हात धरला. “थांब बाबा, सुनेला काय तोंड दाखवू?”

दोन बोटांनी हळूच ते पान उचललं. खाली दाटीवाटीनं बसलेली मिशाळ पिल्लं, पोटं टम्म. एकाच्या तोंडातून अजून शेपूट वळवळत होतं.

सून आली, सगळं ऐकलं आणि भिंतीला टेकून हसत बसली. “मामा, जिवंत खाऊ घालून वाढवलीत की.” मी गुपचूप फडकं बांधलं.

पण बिल्डिंगवाले सोडतात होय? आजही कुणाला डास चावला की जिन्यातून हाक येते, “आजोबा, तुमचं नातवंड चावलं.”

आणि म्हातारी दारातून उत्तर देते, “चावू द्या जरा. त्याला घरी बलकाची सवय हाय.”