फडक्याखाली दिसलेल्या रेषा

हे मी आजवर कुणापुढे बोललेलो नाही. बायकोपुढेही नाही, आणि तिच्यापाशी मी बाकी सगळं बडबडतो. तुम्हाला सांगतोय ते धीर आला म्हणून नव्हे. धीर वगैरे माझ्यात नाही, ते पुढे कळेलच.

देवळाली कॅम्पच्या बाजारात माझं बंदूकदुरुस्तीचं दुकान आहे. वडिलांचं. ते गेले आणि त्यांच्या हातातलं कसब सोडून बाकी सगळं माझ्याकडे आलं — परवाना, पाटी, त्यांच्या नावाचा मान. त्या मानावर मी माजलो. बँकेच्या दारात पहारा करणारे निवृत्त जवान एकनळी घेऊन यायचे, तर मी ती हातातही न घेता सांगायचो, अमुक देशाची, अमुक काळातली. निम्मं ठोकून द्यायचो. कोण पडताळणार होतं?

अकरा वर्षांपूर्वी पेठकडच्या एका पाड्यावरून काशिनाथ आला. भात-नागली करणारा, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा. मी त्याला सरळ अरे-तुरे केलं. गोणपाटातून त्याने आजोबांची एकनळी काढली — मधून मोडून एकच काडतूस भरायची, बाहेर घोडा असलेली. परवाना वारसाने त्याच्या नावावर झालेला, पण बंदूक कित्येक वर्षं उडवलेली नव्हती. रानडुकरं नागलीत घुसत होती. बार काढून त्यांना पळवायचं, एवढंच काम. आजची काडतुसं हिला चालतील का, हे विचारायला तो दोन बस बदलून आला होता.

विचारायला आला होता, बघा. ज्याला मी मनात अडाणी म्हणून हसत होतो, त्याला एवढी अक्कल होती.

दुकानात तेव्हा एक द्राक्षबागायतदार चहा पीत बसला होता. त्याची नवीकोरी दुनळी काउंटरवर होती. त्याच्यावर छाप पाडायची म्हणून मी काशिनाथची बंदूक उचलली आणि म्हणालो, "अस्सल पोलादी नळी आहे. नवं काडतूस बिनघोर घाल." बागायतदाराने मान डोलावली. मी फुशारलो.

आणि मग — इथे मी दर वेळी थांबतो. स्वतःला सांगतानासुद्धा थांबतो. इतकी वर्षं मनाशी म्हणत आलो की नळीवर गंज होता, काही दिसत नव्हतं. खोटं आहे ते. तेलाचं फडकं मी स्वतः फिरवलं. गंजाखालून रेषा वर आल्या. लाकडाच्या शिरांसारख्या, वळणावळणाच्या, अगदी स्पष्ट.

त्या रेषांचा अर्थ वडिलांनी मला शिकवला होता. लोखंडाच्या न् पोलादाच्या पट्ट्या पिळून, ठोकून जोडलेली नळी. बंदुकीत काळी दारू ठासायचे त्या जमान्यातली. आजच्या काडतुसाचा दाब तिच्या कुवतीबाहेरचा. अशी दिसली की नळी किती दाब सोसते ते सांगणारे तिच्या पोटाखालचे शिक्के वाचायचे, काडतूस बसतं ते घर मोजायचं, आणि गिऱ्हाईक कितीही चिडलं तरी सांगायचं की ही भिंतीवर टांगा, उडवू नका. हे सगळं मला पाठ होतं.

मी शिक्के वाचले नाहीत. घर मोजलं नाही. का? दोन मिनिटांपूर्वीचं वाक्य मागे घ्यावं लागलं असतं — एका चहा पिणाऱ्या माणसासमोर. बस, एवढंच. घोड्याला तेल लावलं आणि बंदूक गोणपाटात गुंडाळून दिली.

आठवडाभरात नळी फुटली. डाव्या हाताची तीन बोटं गेली. नाशिकला दवाखान्यात मी भेटायला गेलो. काळजीने नव्हे, तो लोकांना काय सांगतोय ते ऐकायला. त्याची बायको हौसा उशाशी बसली होती. त्याने मला विचारलं, "सायेब, असं कसं झालं? तुम्ही तर बघितली व्हती."

"नळीत माती गेली असणार," मी म्हणालो. "तू आत बघून घेतलं नाहीस."

बांधावर टेकवून ठेवली होती खरी, असं तो पुटपुटला. हौसा त्याच्यावर डाफरली, आणि मला बरं वाटलं. हो, बरं वाटलं. हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. पुढे पोलिसांनी चौकशीत माझं मत लेखी मागितलं, तेव्हाही मी तेच लिहिलं आणि खाली वडिलांच्या नावाचा शिक्का मारला. निष्काळजीपणा काशिनाथचा ठरला. त्याचा परवाना रद्द झाला, दुकान माझं चालूच राहिलं.

मागच्या महिन्यात पंचवटीच्या भाजीबाजारात काशिनाथ आणि हौसा दिसले, अंबाडीच्या जुड्या विकताना. मी तोंड चुकवून निघालो होतो. त्यानेच हाक मारली. घरचं विचारलं. आपल्या चुकीपायी मला तेव्हा हेलपाटे पडले, याचं त्याला अजून वाईट वाटतं म्हणाला. मी ऐकून घेतलं. मग तो म्हणाला, "आमच्या पलीकडच्या पाड्यावर एकाकडं अशीच जुनी हाय, आज्याची. त्यालाबी सांगून आलो — आधी नळीत माती बघ, मंग नवं काडतूस घाल. तुमचं नाव घेऊन सांगितलं."

"बरं केलंस," मी म्हणालो.

हौसाने एक जुडी माझ्या पिशवीत टाकली, ती मी घेतली. तो पाडा कुठला, हे मी विचारलं नाही.