अडीचशे शब्दांतले हंस

आमच्या तलावात हंस नव्हते. ते मी घातले. चूक माझी.

त्याहून मोठी चूक अशी, की ते हंस राज्यसभेत बोलले जाणार म्हणून मी अख्ख्या पाऱ्याला टीव्हीसमोर आणून बसवलं. आमचा पारा, म्हणजे वस्ती, तलावाच्या काठाला. आम्ही ढीवर. आजा भंडाऱ्याकडून इकडे रायपुरात आला, तेव्हापासून याच पाण्यात शिंगाडा लावतो, मासोळी धरतो. घराघरावर नोटीस डकवली होती. तलावाचं सौंदर्यीकरण होणार, जागा खाली करा.

टीव्ही माझाच. ओट्यावर आणला, वायर खिडकीतून ओढली. बाया पुढे, माणसं मागे. माझी माय सगळ्यात पुढे, लग्नातलं लुगडं नेसून. मी रिमोट घेऊन उभा. कोणी विचारलं तरी सांगत होतो, नाही विचारलं तरी सांगत होतो, "वाचणार साहेब हायेत. लिहिलं म्या हाय."

आमचे खासदार साहेब उभे राहिले. चष्मा लावला. वाचू लागले. ऐतिहासिक सरोवर. पूर्वजांचा वारसा. मग, "भोर की पहली किरण में जब हंसों का जोड़ा अपने श्वेत पंख खोलता है..."

माय म्हणाली, "हंस? कुठी?"

मागून एक बाई म्हणाली, "बदक म्हनत असन वो. दिल्लीत बदकाले हंस म्हनतात."

सगळे हसले. मीही हसलो. मग कचरा आला, पाण्यावर माजलेली जलकुंभी आली. मी बोट वर केलं. "आता आयका. आता आपलं येते."

नाही आलं.

"अतः मेरा सरकार से आग्रह है कि इस कार्य में अब एक दिन की भी देरी न हो।"

साहेब खाली बसले.

हे वाक्य माझं. सगळीच वाक्यं माझी. पण याच्या आधी एक परिच्छेद होता. या तलावाचा गाळ कोणी काढला, बांध कोणी राखला, काठावर कोण राहतं, त्यांना आहे तिथंच घराच्या जागेचे पट्टे द्या. देरी नको होती ती पट्ट्यांची. मधला परिच्छेद गेला, आणि देरी नको झाली ती आम्हाला उठवायची.

त्या सभागृहात एक पद्धत आहे. एकानं विषय मांडला, की दुसरे हात वर करून म्हणतात, मी स्वतःला या विषयाशी संबद्ध करतो. त्यांची नावं लिहून घेतात. त्या दिवशी हात वर झाले. इकडून झाले, तिकडून झाले. ज्यांनी रायपूरचं स्टेशन पाहिलं नसेल, तेही संबद्ध झाले. अख्ख्या देशातून आमच्या घरांवर हात.

शेजारची पोट्टी मला विचारते, "भैया, इतने लोग अपनी तरफ से हैं ना?"

मी टीव्ही बंद केला. कोणी मला शिवी दिली नाही. एकेक जण उठला, बूड झटकलं, गेला. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

आता ती चूक नीट सांगतो.

साहेबांचं घराणं मराठीच, रायपूरच्या तात्यापाऱ्यातलं, भोसल्यांच्या काळापासूनचं. माझी माय त्यांच्या मागच्या दारी शिंगाडे टाकायची. पुढच्या दारानं त्या घरात आमच्यातला मीच पहिला गेलो, तोही कागद घेऊन. शंकर नगरच्या बंगल्यात मी त्यांची भाषणं लिहितो. म्हणजे लिहायचो. रेल्वेवर लिहिलं, तेलबियांवर लिहिलं. मधमाश्यांवर लिहिलं, तेव्हा मधमाशीची आणि माझी ओळख फक्त चावण्यापुरती होती. साहेब सदनात बोलायचे, पेपरात फोटो यायचा, आणि मी माझ्याच वाक्यांना ओट्यावर बसून मान डोलवायचो. स्वतःला वाघ समजत होतो. होतो पोपट. तोही दुसऱ्याच्या तोंडातला.

नोटीस लागली तेव्हा साहेबांच्या पाया पडलो. ते म्हणाले, "विशेष उल्लेखात घेऊ. लिही. पण अडीचशे शब्द. वर एक शब्द चालत नाही. आणि आधी मंजूर होतो तोच कागद वाचावा लागतो."

मी लिहिलं. साडेतीनशे झाले.

"कमी कर," साहेब म्हणाले.

रात्रभर नाही, आठवडाभर बसलो. कुठं कापू? हंस आणि त्यांच्या भोवतीचं वर्णन काढलं असतं तर काम भागलं असतं. पण ते वाक्य इतकं जमलं होतं! श्वेत पंख. भोर की पहली किरण. माझ्या मायचं घर एका बाजूला आणि माझं वाक्य एका बाजूला, आणि मी वाक्याकडे बघून खूश. शेवटी साहेबांकडे गेलो आणि म्हणालो, "साहेब, तुमीच कापा. माझा हात चालत नाही."

त्यांचा चालला. काय कापलं, ते मी विचारलं नाही.

टीव्हीवर पाहिलं त्याच्या तिसऱ्या दिवशी साहेब रायपुरात आले. मी बंगल्यावर गेलो. दिवाणखाना भरलेला. ठेकेदार, नातेवाईक, समता कॉलनीतले दोन डॉक्टर. हारतुरे. मी दाराशी उभा. ठरवून आलो होतो, विचारीन.

साहेबांनीच आधी विचारलं, "काहून रे? हात हलवत आलास? तुमच्या तलावाचं नाव दिल्लीत घेतलं. पेढे कुठायत?"

लोक हसले.

"साहेब, तो मधला परिच्छेद..."

"अरे, अडीचशे शब्द! मी एक शब्द वाढवला का पदरचा? सगळं तुझंच आहे." मग लोकांकडे वळून म्हणाले, "हा आमचा टायपिस्ट. त्याच पाऱ्यातला आहे. विचारा त्याला, किती खूश आहेत तिथले लोक. जा, पेढे आण."

आणि मी आणले.

हे लिहिताना हात थांबतो. पण लिहितो. मी गेलो, पेढे आणले, आणि डबा उघडून खुर्चीखुर्चीपाशी वाकलो. एका ठेकेदारानं विचारलं, "किस खुशी में?" माझ्या तोंडातून निघालं, "जी, हमारे तालाब के लिए।" त्यानं दोन उचलले.

डबा घेऊन साहेबांपाशी आलो. त्यांची मुदत संपत आली होती. सहा वर्षांतल्या भाषणांचं पुस्तक काढायचं होतं. पेढा तोंडात टाकत म्हणाले, "तलावाचं पहिल्या पानावर घे. वर हंसाचा रंगीत फोटो. आणि प्रस्तावना लिही माझ्या नावानं. जरा मातीतलं येऊ दे, तुम्हा लोकांना छान जमतं ते."

तुम्हा लोकांना.

मी डबा टेबलावर ठेवला. म्हणालो, "मधला परिच्छेद छापाल तर लिहीन."

साहेब रागावले नाहीत. समजावल्यासारखं म्हणाले, "वेडा आहेस. जे सदनात बोललं गेलं नाही, ते पुस्तकात कसं येईल? तुझा परिच्छेद रेकॉर्डवरच नाही."

"मंग मीही नाही," म्हणालो. "लिहिणार नाही."

"चहा घे आणि जा. उद्या ये."

त्यांना वाटलं, उद्या येईन. सहा वर्षं येत होतो. मला स्वतःलाही वाटलं होतं, जाईन. नाही गेलो. तेवढंच माझं बंड. त्यानं एक वीट हलली नाही. प्रस्तावना दुसऱ्या कोणी लिहिली असेल, लिहिणारे पुष्कळ. आमच्या भिंतींवर पाडायच्या घरांचे आकडे लाल रंगानं पडले. माझ्या मायच्या दारावरही. पट्ट्यासाठी ज्या कचेरीत जातो, तिथला बाबू म्हणतो, "आपके सांसद जी ने खुद माँग की थी ना?" माँग माझ्याच अक्षरात आहे.

पण तो परिच्छेद माझ्याकडे आहे. रेकॉर्डवर नाही, खिशात आहे. पुढच्या सोमवारी अधिकारी मोजणीला येणार. मी बांधावर उभा राहून वाचणार. सरोवर नाही, वारसा नाही. कोणाचं घर, कोणाच्या बापानं कोणत्या साली गाळ काढला, एवढंच. एकेक नाव. ऐकतील असं नाही. बहुतेक नाहीच ऐकणार. तरी माझ्या तोंडानं, माझ्या नावानं वाचीन. आणि यापुढे माझा कागद कापायला कोणाच्याच हातात देणार नाही.

हे मी मायला सांगत होतो, बांधावर बसून. जरा जोरातच सांगत होतो. एवढ्यात काठावर ट्रक आला. माणसांनी दोन बोटी उतरवल्या. पायडल मारायच्या, फायबरच्या, पांढऱ्याशुभ्र. उंच वळलेल्या माना, लाल चोची. पंखही होते, उघडलेले. जलकुंभी बाजूला सारून त्यांनी त्या पाण्यात सोडल्या.

मायनं शिंगाड्याची टोपली खाली ठेवली. बोटींकडे पाहिलं. मग माझ्याकडे वळली.

"तुहे पाहुणे आले, पाह्य," म्हणाली. "हव, आता ह्यायले आपलं घर दे."