जपानी बागेत काका हरवले

मी माझ्या सख्ख्या काकांना सुरतच्या जपानी बागेत हरवलं. हरवले तेव्हा ते वारलेले होते, त्यामुळे ते आपणहून कुठे भटकत गेले असतील, असं म्हणून मला अंग काढून घेता येत नाही.

गोष्ट नव्वदीतली, प्लेगच्या साथीनंतरच्या वर्षांतली. (साथीचा उल्लेख आधीच करून ठेवतो. काका हरवण्यात तिचाही थोडा हात आहे. मुख्य हात माझाच.)

माझे आई-वडील लवकर गेले. मला काका-काकूंनी वाढवलं. त्यांना मूल नव्हतं, त्या जागी मी होतो, हे त्यांचं नशीब! काका सुरतेतल्या एका मराठी शाळेत गणित शिकवायचे. घरी शिकवताना त्यांच्या हातात काठी असे, पण ती त्यांनी कधी कुणाच्या अंगाला लावली नाही. उत्तर चुकलं की ती फरशीवर आपटायची. ठक! उत्तर बरोबर आलं की काहीच नाही. काकांची शाबासकी म्हणजे शांतता. माझं बालपण फारसं शांततेत गेलं नाही.

गणित सुटलं तरी ती ठक सुटली नाही, कारण मी वस्तू हरवायचो. काकांची छत्री नंदुरबारच्या फलाटावर, काकांचं घड्याळ माझ्या बँकेच्या बेसिनवर, आणि माझ्याच लग्नात मंगळसूत्राची पिशवी रिक्षात. (मिळाली. रिक्षावाला मांडवापर्यंत शोधत आला. त्याला पहिल्या पंगतीत बसवलं. काकांनी मला शेवटच्या.)

शेवटच्या दिवशी इस्पितळात काकांनी मला जवळ बोलावलं.

"दिगू, काकूला सांभाळ."

"हो, काका."

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ नीट पाहिलं. मग माझ्या बायकोला हाक मारली.

"शैला, तू दोघांना सांभाळ."

संध्याकाळी ते गेले.

काकू आमच्याकडे राहणार की नाही, हे मात्र ठरलं नव्हतं. त्यांचे धाकटे भाऊ धुळ्याहून आले होते आणि म्हणत होते, "ताई, तेरावं झालं की चल माझ्याबरोबर. वर खोली बांधून ठेवलीय." काकूंनी फक्त "दहावा होऊ दे, मग सांगते" म्हटलं. आईच्या जागी मला ही एकच बाई ठाऊक होती. तिने राहावं म्हणून निदान दहा दिवस तरी माझ्या हातून काही चुकायला नको होतं.

आता जीवखड्याबद्दल. स्मशानात मडक्याला भोक पाडायला जो दगड उचलतात, तो टाकून देत नाहीत. गेलेल्या माणसाचा जीव दहाव्यापर्यंत त्यात असतो असं मानतात, म्हणून तो जीवखडा. तो कापडात बांधून घराबाहेर ठेवायचा आणि दहाव्याला विधी करून नदीत सोडायचा. अग्नी मी दिला, म्हणजे खडा माझ्या ताब्यात.

घराबाहेर! आम्ही तिसऱ्या मजल्यावर फ्लॅटमध्ये राहायचो. आमच्या घराबाहेर लगेच शेजाऱ्यांचं घर सुरू व्हायचं. मी पुडी जिन्याच्या खिळ्याला अडकवली, तर सोसायटीचे सेक्रेटरी जयंतीभाई हात जोडून वर आले. "दिगंबरभाई, दुःखनी वात छे, मानू छूं. पण छोकरां डरी जशे. दादरामां नहीं."

"जिन्यात नाही, तर मग कुठे ठेवू?"

"बहार मूको ने! पाछळ आटलो मोटो बगीचो छे!"

सोसायटीच्या मागे नुकतीच ती बाग झाली होती. जपानी पद्धतीची. छोटं तळं, त्यावर लाल कमानीचा पूल, दगडी कंदील, आणि एका अंगाला नुसत्या गोल काळ्या गोट्यांचा पट्टा, पाणी नसलेली नदी असावी तसा. तळ्याच्या काठाला एक बांबूची नळी होती. वरून पाणी पडून ती भरली की पुढे झुकायची, रिकामी झाली की मागे येऊन दगडावर आपटायची. आमच्या भागात कापडाच्या लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा खडखडाट दिवसरात्र चालायचा, तो कानात इतका मुरलेला की ऐकूच यायचा नाही. पण बागेत शिरलं की दार लोटल्यासारखा तो एकदम थांबायचा, आणि मग आपलं काहीतरी हरवलंय असं वाटत राहायचं. लोक म्हणायचे, काय शांतता आहे! मला तिथे पाठीमागे सारखं वळून बघावंसं वाटे.

गोट्यांच्या पट्ट्याशेजारी एक ठेंगणं झाड होतं. त्याच्या आतल्या फांदीला मी पुडी बांधली. हात जोडले. "काका, थोडेच दिवस. हवेशीर आहे."

रोज संध्याकाळी जाऊन मी लांबून पुडी बघून यायचो. फक्त शेवटच्या संध्याकाळी गेलो नाही. शेजारी टीव्हीवर क्रिकेटचा सामना होता. याहून जास्त मला लिहवत नाही.

दहाव्याच्या सकाळी दाट धुकं होतं. काकूंचे भाऊ गुरुजींना घेऊन तापीच्या घाटावर पुढे गेले होते. गुरुजींनी बजावलं होतं, "उशीर नको हं, मला दहाला मिलच्या ऑफिसात हजर व्हायचंय." मी, शैला आणि काकू काकांना घ्यायला बागेत गेलो. मी अनवाणी, पांढऱ्या धोतरात, दाढी वाढलेली. झाडापाशी आलो. फांदी होती. पुडी नव्हती.

"कुठंय रे?" काकू म्हणाल्या.

"इथेच... म्हणजे इथेच होते."

"होते म्हणजे?"

शैलाने कपाळाला हात लावला नाही. तिने नुसते डोळे मिटले, ते जास्त वाईट होतं.

फाटकाशी रमणभाई माळी झाडत होता. मी धावत जाऊन त्याला विचारलं. त्याचा चेहरा उजळला. प्लेगनंतर सुरतेत स्वच्छतेचं असं काही वारं शिरलं होतं की रस्त्यात कागद टाकला तरी दंड, आणि बागेत कचरा दिसला तर माळ्याची खरडपट्टी. "एक मेलो गाभो लटकतो हतो, साहेब! अंदर पथ्थर. गाभो फेंकी दिधो." मळकं फडकं फेकून दिलं.

"आणि पत्थर?"

"पथ्थर तो सारो हतो," तो अभिमानाने म्हणाला. "धोईने बधा साथे मूकी दिधो!"

धुऊन सगळ्यांबरोबर ठेवला तो कुठे, ते त्याने झाडूने दाखवलं. धुक्यात तो काळ्या गोट्यांचा पट्टा पार पुलापर्यंत गेला होता. सगळे काळे, सगळे गुळगुळीत, सगळे लिंबाएवढे. ठेकेदाराने ते तापीतूनच आणले होते, आणि मीही काकांचा खडा तापीच्याच काठावर उचलला होता!

ठक! तळ्याकडून आवाज आला.

शैलाने माझा दंड धरला. "काय ते?"

"बांबू आहे. पाण्याचं यंत्र. जपानी."

"काकांसारखंच वाजलं."

"सगळ्या ठक सारख्याच असतात," मी म्हणालो. माझ्या अंगावर काटा आला होता, पण घरातला कर्ता पुरुष म्हणून तो मी उपरण्याखाली झाकला.

काकू पदर खोचून पट्ट्यापाशी बसल्या. "कसा होता सांग."

"काळा. गुळगुळीत."

"दिगू!"

"थोडासा लांबट होता, काकू. बहुतेक."

मी पट्ट्यात पाऊल टाकलं आणि काकू ओरडल्या, "अरे, पाय कुठे ठेवतोस! खाली ते असतील!"

मी बगळ्यासारखा एका पायावर थांबलो. पण दुसरा पायही कुठेतरी होताच. मग मी गुडघ्यांवर आलो, आणि ज्या ज्या दगडावर पाय पडला होता त्याला त्याला नमस्कार करत पुढे सरकू लागलो. दगड बर्फासारखे गार होते. धुक्यातून एक गृहस्थ हात हलवत भरभर चालत आले. त्यांना दिसलं ते असं : पांढऱ्या कपड्यांतला दाढीवाला माणूस रांगतोय, दगडांच्या पाया पडतोय आणि हळू आवाजात "काका... काका..." म्हणतोय. ते वळले. येताना ते चालत होते, जाताना धावत होते.

"हा बघा," शैलाने एक दगड उचलला. "कपाळ काकांसारखंच आहे. मोठं."

काकूंनी तो हातात घेतला. ठक!

"नाहीत हे," म्हणून काकूंनी तो खाली ठेवला.

मी एक शोधला. मला खात्री वाटत होती. "काकू, हाच."

ठक! माझ्या वेळेला जरा जोरात वाजलं, असं मला वाटलं.

"योगायोग आहे," मी म्हणालो. "नळी भरली की वाजते. ठरावीक वेळाने वाजणारच." पण ती ठरावीक वेळाने वाजत नव्हती. कुणी दगड उचलला की वाजत होती. शैलाने दुसरा उचलला, ठक. मी मुद्दाम काही न उचलता थांबलो, तर काही नाही. धुकं इतकं खाली आलं होतं की तळं दिसत नव्हतं, बांबू दिसत नव्हता. नुसता आवाज येत होता, कुणीतरी खुर्चीत बसून आमची उत्तरं तपासत असावं तसा. मी पुन्हा दहा वर्षांचा झालो होतो, आणि पुन्हा माझं एकही गणित बरोबर येत नव्हतं.

"काकू, मला माफ करा," मी म्हणालो. "मी काल आलो नाही. सामना बघत बसलो. तुम्ही धुळ्याला गेलात तरी मी काही म्हणणार नाही. ज्याला दगड सांभाळता येत नाही, तो माणूस काय सांभाळणार?"

बांबू वाजला नाही. काकू गोट्यांकडे वळल्या आणि अहिराणीत म्हणाल्या, "अहो, कथा शेतस तुम्ही?"

कुठे आहात तुम्ही. अहिराणी त्या फक्त काकांशी बोलायच्या, तीही स्वयंपाकघरात, आम्हाला ऐकू जाणार नाही अशी. काकूंनी न बघता हात पुढे केला आणि हाताला आला तो दगड उचलला.

आम्ही वाट पाहिली.

काही नाही. कुठे काही वाजलं नाही. शैला माझा दंड इतका घट्ट धरून होती की वळ नंतर कितीतरी दिवस राहिला. शांतता. पूर्ण, काकांच्या पद्धतीची शांतता.

"चला," काकू दगड पदरात बांधत म्हणाल्या. "आले."

फाटकापाशी रमणभाई नळाशी खटपट करत होता. मी निघता निघता सहज विचारल्यासारखं विचारलं, की ते बांबूचं यंत्र एवढ्या सकाळी कशाला चालू ठेवता?

"क्यांथी चालू, साहेब?" तो म्हणाला. "पाणी तो आठ वाग्या पछी आवे."

पाणी आठनंतर येतं! आठ वाजायचे होते. शैलाने माझ्याकडे पाहिलं. "दव पडलं असेल," मी म्हणालो. "दवाने भरली असेल नळी." हे स्पष्टीकरण मी पुढे पुष्कळ लोकांना दिलं आणि सगळ्यांना पटलं. मी सोडून.

घाटावर सगळं वेळेत पार पडलं. पिंड ठेवताक्षणी कावळा शिवला. गुरुजी खूश. "आत्मा तृप्त आहे हो!" म्हणून ते मिलच्या ऑफिसला धावले. काकूंचं मात्र समाधान झालेलं दिसलं नाही. "सुरतचे कावळे," त्या पुटपुटल्या. "यांच्यापुढे काही ठेवा, शिवतात." खडा त्यांनी स्वतः पाण्यात सोडला, आणि मग बराच वेळ पाण्याकडे एकदा आणि शहराकडे एकदा बघत उभ्या राहिल्या.

संध्याकाळी त्यांच्या भावाने विचारलं, "मग ताई, तेराव्यानंतरची तिकिटं काढू ना?"



"नको," काकू म्हणाल्या. "मी कशी येऊ? हे इथेच आहेत. नदीत नसतील तर बागेत असतील. नक्की कुठे, ते या दिगूमुळे कळत नाही. नक्की कळलं असतं तर आले असते हो मी धुळ्याला."

शैला हसायला लागली. काकू हसल्या. मी आत जाऊन रडून आलो. आयुष्यभर मी वस्तू हरवून माणसांना मनस्ताप दिला, पण हरवल्यामुळे काही घरात राहिलं असं तेव्हा पहिल्यांदाच झालं.

तेव्हापासून दर रविवारी संध्याकाळी मी काकूंना जपानी बागेत घेऊन जाऊ लागलो. बागेचं फाटक पलीकडच्या रस्त्याला, वळसा पडायचा, म्हणून काकूंसाठी रिक्षा करायचो. त्या गोट्यांच्या पट्ट्यासमोर बाकावर बसायच्या आणि आठवड्याची हकिगत सगळ्या दगडांना मिळून सांगायच्या. "यातला एखादा तरी ऐकत असेलच," त्या म्हणायच्या. आजूबाजूला लोक शांततेचा आनंद घेत असायचे. मी बाकाच्या टोकाला बसून बांबूकडे बघत राहायचो. काकू बोलत असताना तो क्वचितच वाजायचा. मी खोकलो तरी वाजायचा.

एका रविवारी मी धीर केला. काकू पुलाकडे फेरी मारायला गेल्या होत्या. मी दगडांकडे वाकून म्हणालो, "काका, काकूंना नीट सांभाळतोय हो मी. औषधं वेळेवर देतो. डोळ्यांचं ऑपरेशन झालं. काही हरवलेलं नाही."

मी थांबलो. तळ्यात पाणी भरपूर होतं. बांबू स्थिर होता. शांतता. मी ऐकत राहिलो, आणि शांतता लांबत गेली. जन्मात पहिल्यांदा माझं उत्तर बरोबर आलं होतं! डोळे पुसत मी उठलो, ताठ मानेने फाटकापर्यंत गेलो, रिक्षाला हात केला, आत बसलो. आणि मग मागे, बागेत खोल कुठेतरी, अगदी स्वच्छ ऐकू आलं.

ठक!

काकू अजून पुलावरच होत्या.