पाणी कुठं जातंय बघा

घरंगळत येणारी टनभर वजनाची पेटी दोन्ही तळहातांनी थोपवायला गेलेला माणूस तुम्ही पाहिला नसेल. तो मी.

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत, सळ्यांच्या एका कारखान्यात मी स्टोअरकीपर म्हणून लागून आठवडाच झाला होता. यंत्रांचे भाग घेऊन ट्रेलर आला. त्याच्या तळाला लोखंडी रोलर होते. पेटी अडवून धरणारी खिट्टी काढली की केवढीही पेटी दोन माणसं सहज सरकवत. ही सोय मला कुणीतरी सांगितली होती, धोका सांगायचा राहिला होता. मी रुबाबात वर चढलो आणि आधी खिट्टीच उपसली. पेटी निघाली. म्हैस अडवावी तसे मी हात पुढे केले. तेवढ्यात मागून कुणीतरी कॉलर धरून मला बाजूला खेचलं. पेटी टोकाच्या कठड्यावर धाडकन आदळून थांबली. कॉलर त्या माणसाच्या हातात राहिली.

"साहेब," तो म्हणाला, "आधी पाणी कुठं जाऊन राह्यलं ते बघत जा. पेटी बी तिकडंच जाती."

ते आमच्या हमालांचे मुकादम. माझा जीव त्यांनी वाचवला हे मला त्याच क्षणी कळलं, आणि वीस माणसांसमोर वाचवला हेही. पहिल्याबद्दल मी आभार मानले. दुसऱ्याबद्दल मी त्यांना बरीच वर्षं माफ केलं नाही.

बदनापूरकडच्या खेड्यातून ते रोज सकाळच्या रेल्वेने येत. अंगाने काटकुळे, शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत, बटणं लावलेली. ट्रेलर गोदामाच्या धक्क्याला लागला की पिण्याच्या बाटलीतलं घोटभर पाणी ते ट्रेलरच्या तळावर ओतत आणि उकिडवे बसून त्याच्याकडे बघत. पाणी पळालं की ड्रायव्हरला गाडी पुढेमागे घ्यायला लावत, चाकाखाली फळी सारत. पाणी जागच्या जागी पसरलं की मगच पेटीला दोन्हीकडून लाकडी गुटके, धक्क्यापर्यंत जाड पत्रा, आणि सगळ्यात शेवटी खिट्टी. नव्या हमालाला एकच ताकीद असे. पेटीच्या म्होरं फक्त भिंतीनं उभं राह्यचं.

ओरडायचे मात्र नाहीत. पेटी हलली की त्यांचा आवाज आणखी खाली जाई, आणि तो ऐकू यावा म्हणून सगळा धक्का गप्प होई. मी ओरडलो की सगळे आणखी मोठ्याने बोलू लागत.

शेठजींचा फोन आला की पहिला प्रश्न, मुकादम आलेत का. मी आलोय की नाही हे त्यांनी कधी विचारलं नाही. एकदा आमच्या घरचं लोखंडी कपाट माडीवर चढवायला मुकादम आले, भिंतीला ओरखडा न पाडता चढवून गेले. बायकोने त्यांना शोकेसमधल्या कपबशीत चहा दिला. त्या कपाला माझे ओठ लग्नानंतर दोनदा लागले असतील. तेव्हापासून घरात लोणच्याची बरणी जरी हलवायची झाली, तरी ती आधी माझ्याकडे बघे आणि मग म्हणे, "जाऊ द्या, मुकादम असते तर."

मी चोरून शिकू लागलो. न्हाणीघरात तांब्याने पाणी ओतून उतार बघत बसलो, तर बायको दारातून म्हणाली, "अहो, मोरी तिकडंच आहे. गेल्या वर्षी पण तिकडंच होती." तीन वर्षं त्यांची एखादी चूक सापडावी म्हणून मी डोळ्यांत तेल घालून बसलो होतो. त्या नादात काम मात्र पाठ झालं.

मग मोठा गिअरबॉक्स यायचा ठरला. ट्रेलर गुरुवारी येणार होता, आणि मुकादमांची गुरुवारी सुट्टी असे. अशा वेळी त्यांनी सुट्टी सोडून यावं म्हणून बदनापूरहून येणाऱ्या आमच्या फिटरबरोबर आदल्या दिवशी निरोप पाठवायचा, हे काम माझं. फिटरने दोनदा विचारलं, काही सांगायचंय का. मी म्हणालो, काही नाही.

गुरुवारी शेठजी स्वतः धक्क्यावर उभे. मी पाणी ओतलं, उकिडवा बसलो, गाडी तीनदा हलवायला लावली. गुटके, पत्रा, माणसं दोन्ही बाजूंना. आवाज इतका खाली नेला की मलाच ऐकू येईना. शेवटी खिट्टी काढली. गिअरबॉक्स एखाद्या घरंदाज पाहुणीसारखा सावकाश धक्क्यावर आला. पाठीवर थाप पडेल म्हणून मी पाठ थोडी शेठजींकडेच करून उभा राहिलो.

"व्वा," शेठजी म्हणाले, "मुकादमानं माणसं काय तयार केलीत."

त्या माणसांत मीही आलो.

दुसऱ्या दिवशी मुकादम आले. धक्क्यावर गिअरबॉक्स बघितला, त्याच्याभोवती एक चक्कर मारली आणि माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले.

"निरोप न्हाई आला, साहेब."

"पाठवला होता," मी म्हणालो. "फिटर विसरला असेल."

फिटर रोज त्यांच्याच डब्यात, त्यांच्याच शेजारी बसून यायचा. हे मला बोलल्यानंतर आठवलं. मुकादमांनी माझ्या हातांकडे पाहिलं, मग धक्क्यावरच्या पोरांकडे.

"समद्यांचे हातपाय बराबर हायेत ना?"

"हो."

"मंग झालं."

एवढंच. पुढे दोन महिने ते पहिल्यासारखेच येत राहिले, पाणी ओतत राहिले, मला साहेब म्हणत राहिले. ते भांडले असते तर माझी सुटका झाली असती. मग अंकुशनगरला साखर कारखान्यावर त्यांना काम मिळालं. शेवटच्या दिवशी शेठजींनी शाल दिली. मी बाजूला उभा होतो, आणि खरं सांगतो, शालीचाही मला हेवा वाटला. जाताना ते माझ्यापाशी थांबले. "निरोप पाठवायला आता लांब पडंल, साहेब," एवढं हसून म्हणाले आणि फाटकाबाहेर गेले.

आता प्रत्येक ट्रेलर मीच उतरवतो. शेठजी फोनवर आता मी आलोय का हेच विचारतात. हवं होतं ते सगळं मिळालं, आणि धक्क्यावर उभं राहिलं की कुणाकडे जळून बघावं असा माणूसच उरलेला नाही.

एका संध्याकाळी मेथी निवडणाऱ्या बायकोला मी निरोपाची सगळी गोष्ट सांगून टाकली. ती म्हणेल झालं गेलं विसरा, अशी माझी अपेक्षा. तिने जुडी संपवली, हात झटकले.

"रविवारी अंकुशनगरला जाऊन या," ती म्हणाली. "मी येणार नाही. मी आले तर तुम्ही मलाच बोलायला लावाल."