अक्काची डावी बाजू

अक्कानं ऐन भरात सिनेमा का सोडला? मला आजवर कुणी सांगितलं नाही. तिलाच विचारलं की म्हणायची, "मल्ली, सिग्नल सुटला, पुढे बघ!"

मल्ली म्हणजे अक्काच्या सिंहलीत धाकटा भाऊ. मी वसईचा, सातवी नापास, बहारीनला गुदैबियात तिच्या पार्लरची गाडी चालवायचो. केसांच्या क्लिपा सीटखाली आपोआप जमतात, तसे तिचे किस्से जमलेत. ती गेल्यापासून हात घालीन तिथे एक सापडतो.

*

ती कोण, हे मला आधी माहीतच नव्हतं. एकदा किराणा घेताना एका श्रीलंकन बाईनं तिला पाहिलं आणि हातातली अंडी सोडून हात जोडले!

"ही आमची सगळ्यात मोठी हिरॉइन! तू गाडी कुणाची चालवतोस, ठाऊक नाही?"

अक्का खाली बघत म्हणाली, "मल्ली, हिला दुसरी अंडी घेऊन दे."

*

फोटो फक्त डाव्या बाजूनं, हा तिचा कायदा. रेसिडेंट कार्डाच्या वेळी मात्र समोरून काढावाच लागला. तेव्हापासून कार्ड दाखवताना अंगठा फोटोवर! मुहर्रकला एअरपोर्टवर ऑफिसर म्हणाला, "मॅडम, अंगठा काढा."

"तुम्ही डोळे मिटा, मग काढते!"

*

एका कस्टमरला घरी सोडत होतो. ती फोनवर हिंदीत कुणाला तरी सांगत होती, "हिरॉइन कसली, म्हातारी झालीय!" माझं डोकं फिरलं. मीना सलमान बंदराच्या गोदामांपाशी गाडी थांबवली. "उतरा!"

अक्कानं फोनवर मला झाप झाप झापलं. "आधी तिला घरी पोचव!" मग जरा थांबून म्हणाली, "पार्लरमध्ये ती माझ्या कुठल्या बाजूला बसली होती रे?"

*

सिनेमात ती मरायची फार छान, म्हणे. बायका हट्ट धरायच्या, "मॅडम, एकदा मरून दाखवा ना!" केस धुवायच्या खुर्चीत ती अशी काही मेली की मेकअपला आलेल्या नवरीची मावशी किंचाळत रस्त्यावर! अक्कानं एक डोळा उघडला. "मल्ली, चहा."

*

अक्काला ठेवलं त्या हॉस्पिटलात नर्स आमच्या वसईचीच. म्हणाली, "भाऊ, संपलं सगळं."

मी खाली धावलो आणि चहा घेऊन आलो. कप माझ्या हातातून घेऊन नर्सनं टेबलावर ठेवला.

*

विमानानं गावी न्यायच्या आधी तिला बघायला बायका आल्या. घरकाम करणाऱ्या, सुट्टी मागून आलेल्या, दारापासून पार रस्त्यापर्यंत. पेटी भिंतीला लावलेली. डावी बाजू भिंतीकडे!

मी म्हटलं, "पेटी फिरवा."

"टाइम मफी, वेळ नाही भाई! फ्लाइट आहे," पेटी न्यायला आलेल्या चौघांतला एक म्हणाला.

"यल्ला, चला, पकडा!" मी एकट्यानंच एक टोक उचललं. मग ते चौघे धावले. पेटी फिरली. उशीवरची तिची एक बट मी कानामागे सारली.

रांगेतल्या पहिल्या बाईनं मोबाइल काढला आणि घाबरून परत पर्समध्ये टाकला.

"काढा," मी म्हटलं. "आता काढा."