माइक सुरूच होता

माझं माहेर जळगावचं, सासर धुळ्याचं आणि नोकरी धुळ्याबाहेर हायवेलगतच्या एका खेड्यातल्या हायस्कुलात. विषय गणित. दहावीला माझ्या विषयात गेली कित्येक वर्षं एकही मूल नापास नाही, हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते. आवाज खणखणीत, शिकवणं त्याहून खणखणीत. माझ्या हाताखाली ज्याला गणित येत नाही, त्याने लक्षच दिलेलं नाही, असा माझा ठाम समज होता.

म्हणून नववीतल्या त्या मुलीवर मी भयंकर चिडायचे. वडील गावात लोकांचे ट्रॅक्टर चालवणारे, पोरगी नीटनेटकी, दुसऱ्या बाकावर बसणारी. पण विचारावं एक आणि उत्तर भलतंच. "नळी फुंकली सोनारे, इकडून तिकडे गेले वारे," असं मी तिला भर वर्गात कितीदा ऐकवलं असेल. वर्ग हसायचा. सगळे हसतात म्हणून तीही हसायची.

मग तालुक्याहून एक विशेष शिक्षिका आल्या. अख्खा तास मागच्या बाकावर बसल्या आणि नंतर म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही फळ्याकडे वळून बोलायला लागलात की ती मुलगी लिहायची थांबते." तिला कमी ऐकू येतं हे शाळेच्या कागदांवर होतं. कानात यंत्रही होतं, वेणीआड लपवलेलं. पण ते यंत्र पंख्याची घरघर, बाकांची खडखड आणि माझं शिकवणं, सगळं सारखंच मोठं करायचं. ती माझे ओठ वाचून शिकत होती, आणि गणिताची बाई तर निम्मा तास वर्गाकडे पाठ करून उभी असते.

त्यांनी दिलेला उपाय काडेपेटीएवढा होता. गळ्यात अडकवायचा माइक. मी बोलले की आवाज थेट तिच्या कानातल्या यंत्रात. पहिल्याच दिवशी तिने हात वर केला. मला वाटलं, शंका असेल. म्हणाली, "मॅडम, मंगळसूत्र मागे घ्या ना. खूप वाजतं." जळगावच्या सोनाराकडून हौसेने घडवून घेतलेलं माझं भरगच्च मंगळसूत्र माइकवर आपटत होतं. मी ते मुकाट्याने पाठीवर टाकलं. महिन्याभरात पोरगी समीकरणं सोडवायला लागली. पण पाचवीपासून जे कानावरच पडलं नव्हतं, त्याचं काय? अपूर्णांक आले की तिची गाडी अडायचीच.

फेब्रुवारीत एकदा तास चालू असताना हेडसरांनी बोलावलं. ऑफिस वर्गाला लागूनच. मी मुलांना पाच उदाहरणं दिली आणि गेले. सर सरळ मुद्द्यावर आले. "त्या मुलीला पुढच्या वर्षी दहावीला बसवलं तर आपला शंभर टक्के निकाल गेला म्हणून समजा. वडलांना बोलावून सांगू, शाळेतून काढा आणि सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षा द्या."

बाहेरून म्हणजे कायमचं बाहेर, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. तो फॉर्म भरलेल्या किती मुली पुन्हा पुस्तक उघडतात? तरी मी म्हटलं, "बरोबर आहे सर. दहावीचं गणित तिला नाहीच झेपायचं." माझ्या विषयाचा निकाल मला तिच्यापेक्षा प्यारा होता. खोटं कशाला बोलू?

वर्गात परत आले. ती वही मिटून बसली होती. "झालं का गं?" विचारलं तर उठून माझ्यापाशी आली आणि माइकवर बोट ठेवलं. हिरवा दिवा लागलेला होता.

"सुरूच शे मॅडम," ती म्हणाली. माझ्याशी एरवी पुस्तकातलं मराठी बोलणारी पोर, आज घरच्या अहिराणीत बोलत होती. "मी बठ्ठं आयकं. माले जमी." सगळं ऐकलं होतं तिने, आणि मला जमेल म्हणत होती.

हा माइक भिंतीपलीकडूनही चालतो, असं त्या शिक्षिकांनी मला दोनदा सांगितलं होतं. लक्ष कुणी दिलं नव्हतं, ते आता कळलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. तिच्या डोळ्यांत पाणीबिणी काही नव्हतं. ती माझ्याकडे बघत होती आणि मलाच तिच्याकडे बघवेना.

मी तशीच उलट पावली ऑफिसात गेले. सरांना सांगितलं, तिने सगळं ऐकलंय. ते जरा चपापले, मग म्हणाले, "कधीतरी सांगायचंच होतं."

"मग वडलांना कशाला, तिलाच सांगा," मी म्हटलं, आणि माइक काढून त्यांच्या गळ्यात घातला. "बोला सर. ती ऐकतेय."

सर वाईट माणूस नाहीत. आठवड्याला एकदा तरी निकालाचा तक्ता मांडून बसतात, इतकंच. त्यांनी माइक हातात धरला, खाकरले. मग एकदम हळू आवाजात विचारलं, "बेटा, दहावीला बसायचंय का तुला?"

भिंतीपलीकडून उत्तर आलं, "हो सर." आपण किती मोठ्याने बोलतो हे तिला कधीच कळत नाही.

"मग बस," सर म्हणाले. "इथूनच बस. फॉर्मबिर्म काही नाही."

त्यांनी माइक काढून माझ्या हातात दिला. "मॅडम, तुमचं काय ते तुम्ही बोला."

मी तो तोंडाजवळ धरला आणि म्हटलं, "माझं चुकलं गं." मग वर्गात गेले. ती वही उघडून माझ्या टेबलापाशी उभी होती. चार उदाहरणं बरोबर होती. पाचव्यात अपूर्णांक होता, तिथे तिने बोट ठेवलं होतं.